ताट माझं, आग्रह तुमचा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुम्ही खाण्यापिण्याचे जे नियम स्वतःला घालून घेतलेत ते चारचौघांत पाळताना काय अडचणी येतात, तर एवढी पत्रं आली की वाचता वाचता माझी दोन जेवणं उशिरा झाली. गंमत म्हणजे काय खावं हे एकानेही विचारलेलं नाही. ते सगळ्यांना माहितीये. सगळ्यांचा प्रश्न एकच, वेगवेगळ्या तोंडांनी विचारलेला, की मी हे खात नाही हे समोरच्याला न दुखावता सांगू कसं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, त्यामुळे ज्यांना पथ्य आजारामुळे पाळावं लागतंय त्यांनी त्याबद्दल आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. मी बोलणार ते माणसांबद्दल.

प्रश्न: ताई, मी आठ महिन्यांपूर्वी साखर सोडली. काही आजार नाही, बरं वाटतं म्हणून सोडली. पण नातेवाइकांकडे गेलं की आग्रह सुरू, एवढ्याने काय होतंय, माझ्यासाठी एक घास वगैरे. एकदा कंटाळून मावससासूबाईंना सांगून टाकलं की डॉक्टरांनी मनाई केलीये. त्या दिवशी सुटले पण आता अख्ख्या नात्यात मला शुगर आहे असं पसरलंय, आईला काळजीचे फोन येतायत, एका काकांनी तर कसली तरी पावडर पाठवलीये. आता खरं सांगू का? आणि पुढच्या वेळी काय सांगू?

उत्तर: माफ करा पण पत्र वाचून हसू आवरेना, कारण हे मी स्वतः केलंय. माझ्या वेळी मी ॲसिडिटी सांगितली होती आणि मग पुढची तीन वर्षं जिथे जाईन तिथे माझ्यासाठी वेगळं, बिनतिखट, बिनचवीचं काहीतरी प्रेमाने करून ठेवलेलं असायचं आणि ते मी मुकाट्याने गिळायचे, कारण खोटं माझंच होतं, सांगणार कुणाला.

खरं सांगून टाका. सगळ्यांना फोन करत बसू नका, फक्त आईला आणि मावससासूबाईंना सांगा, "त्या दिवशी सुटका करून घ्यायला बोलून गेले, मला काही झालेलं नाही, मी नुसती साखर बंद केलीये." पाच मिनिटं ओशाळं वाटेल. बाकीच्यांपर्यंत ते आपोआप पोचेल, शुगरची बातमी पोचली तसंच. थोडं हळू पोचेल एवढंच, बरी बातमी जरा रमतगमत जाते.

आता पुढच्या वेळचं. आपण नको म्हणताना लगेच कारण देतो, आणि तिथेच फसतो. कारण दिलं की समोरच्याला ते खोडून काढायची सोय होते. वजन वाढतंय म्हटलं की "कुठे वाढलंय, उलट वाळलीयेस", गोड बंद केलंय म्हटलं की "हे काही एवढं गोड नाहीये", पोट भरलंय म्हटलं की "गोडाला वेगळी जागा असते." म्हणजे तुम्ही नकळत परवानगी मागताय आणि समोरचा ती देत नाहीये. डॉक्टरांचं नाव घेणं हा त्याच्यावरचा उतारा वाटतो, पण तेही कारणच झालं की, फक्त दुसऱ्याच्या नावावर.

व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हाग्टवेट या दोन संशोधकांनी २०१२ साली यावर एक मजेशीर अभ्यास छापला होता. मोहाचा पदार्थ समोर आला की एका गटाने स्वतःशी "मला हे खाता येत नाही" म्हणायचं आणि दुसऱ्याने "मी हे खात नाही." नंतर निघताना चॉकलेटचा बार आणि पौष्टिक बार यातला एक उचला म्हणून सांगितलं, तर "खात नाही"वाल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी पौष्टिक उचलला आणि "खाता येत नाही"वाल्यांत फक्त ३९ टक्क्यांनी. आता एका अभ्यासावर काही जग चालत नाही, पण आपल्या भाषेत हा फरक कानालाच कळतो बघा. "मला चालत नाही" म्हटलं की बंदी दुसऱ्या कुणाची तरी, मग आजच्या दिवस ती उठवायला काय हरकत आहे. "मी घेत नाही" म्हटलं की त्यात उठवण्यासारखं काही उरतच नाही. तेव्हा हसून "मी गोड घेत नाही" एवढंच म्हणा, पुन्हा आग्रह झाला की पुन्हा तेच, त्याच सुरात, शब्दसुद्धा बदलू नका. शब्द बदलले की समोरच्याला वाटतं ही आता डळमळतेय. तिसऱ्या वेळेपर्यंत बहुतेक लोक थकतात. आणि तरीही कुणी ताटात घातलंच तर राहू द्या तसंच. वाया जाईल याची काळजी वाढणाऱ्याने करायची, नको म्हटलेलं तुम्ही.

पण एक गोष्ट बजावून सांगते, "घेत नाही" म्हणून हात आखडून बसायचं नाही. आग्रह करणाऱ्या बाईला तुमच्या पोटात साखर घालायची नसते हो, तिला तुमच्यासाठी काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की दोन अनोळखी माणसांना एकसारखा खाऊ खायला दिला की ती एकमेकांवर जास्त विश्वास टाकतात, पैशांचा खेळ खेळताना समोरच्याच्या हातात जास्त पैसे देतात. नुसत्या खाऊवरून! म्हणजे एकाच ताटातलं खाल्लं की माणसाला "तू आमच्यातली" असं वाटतं, आणि ताट सरकवलं की "नाहीयेस" असं. म्हणून गोड यायच्या आधीच तिने केलेलं दुसरं काहीतरी स्वतःहून मागून घ्या, भाजी आवडली असेल तर दुसऱ्यांदा घ्या, कशी केली ते विचारा, आणि खरंच आवडली असेल तरच विचारा नाहीतर ते तोंडावर दिसतं. ज्या बाईची भाजी तुम्ही दोनदा घेतलीत ती गोडावरून फार भांडत नाही, हा माझा अनुभव.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरंय, पण कुणी ऐंशी पंच्याऐंशीच्या आजींनी थरथरत्या हाताने मुद्दाम तुमच्यासाठी काही केलं असेल तर चमचाभर खा आणि विसरून जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचना बघितल्या तरी त्या वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवा म्हणतात आणि जमलं तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. शून्य करा असं त्यांनीही म्हटलेलं नाही. शून्य तुमचं आहे, चांगलंय, पण ते कुठे वाकवायचं हे आधी घरी ठरवून ठेवा, तिथे पंगतीत ठरवायला गेलात की भिडेपोटी भलतंच ठरतं.

प्रश्न: आमच्या ऑफिसात दर दोन दिवसांनी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, प्रमोशन, निरोप, काहीतरी असतंच आणि केक, चिप्स, कोल्ड्रिंक ठरलेलं. मी घेत नाही. एकदा एकजण कोल्ड्रिंक पीत होता त्याला मी सहज सांगितलं की यात किती चमचे साखर आहे माहितीये का, तेव्हापासून सगळे मला आरोग्यमंत्री म्हणतात, मी आलो की मुद्दाम प्लेट लपवायची ॲक्टिंग करतात. मी काय चुकीचं बोललो? खरंच तर आहे. वय २९.

उत्तर: खरं आहे, अगदी खरं. ३३० मिलीच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. पण त्याने विचारलं होतं का?

तुम्ही "सहज" लिहिलंय ना, तो शब्द मला फार ओळखीचा आहे. मीही एकदा असंच सहज बोलले होते. मैत्रिणीच्या घरी, तिच्या नव्या घराच्या जेवणाला, सगळे तळलेलं खात होते आणि मी तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात काय काय तयार होतं याचं सविस्तर वर्णन केलं. सगळं बरोबर होतं, एक शब्द चुकीचा नव्हता. टेबलावरचे हात मात्र थांबले. मैत्रीण स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही आणि तिच्या नवऱ्याने मला निघताना अतिशय नम्रपणे रिक्षा बघून दिली. पुढच्या वर्षभरात मला त्या घरचं बोलावणं आलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की लोकांना सत्य पचत नाही, आता वाटतं की तळलेलं त्यांना छान पचत होतं, मी पचत नव्हते.

हे असं का होतं यावरसुद्धा अभ्यास झालेला आहे. ज्युलिया मिन्सन आणि बेन्वा मोनिन यांनी २०१२ मध्ये मांसाहार करणाऱ्या लोकांना विचारलं की शाकाहारी म्हटल्यावर मनात कुठले शब्द येतात, तर ४७ टक्के लोकांनी काहीतरी वाईटसाईट लिहिलं. आणि ज्यांना असं वाटत होतं की शाकाहारी लोक स्वतःला आपल्यापेक्षा वरचढ समजत असणार, त्यांनी जास्त वाईट लिहिलं. लक्षात घ्या, कुणी शाकाहारी तिथे येऊन काही बोललेलं नव्हतं, बोलणार असा नुसता अंदाज होता. तुमच्या बाबतीत तर तुम्ही अंदाजाची गरजच ठेवली नाहीत, स्वतः बोलून मोकळे झालात.

म्हणून तुमचा रिकामा कपसुद्धा लोकांना प्रवचन वाटतो. त्यावर उपाय म्हणजे काही दिवस खाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, कुणी विचारलं तरी "असंच, बरं वाटतं" एवढंच. केक कापताना मागे दाराजवळ उभं राहू नका, पुढे या, गाणं म्हणा, केक कापून बाकीच्यांना वाटायचं काम स्वतःकडे घ्या. हे फार भारी काम आहे, ज्याच्या हातात सुरी असते त्याने स्वतः खाल्लं की नाही हे कुणी बघत नाही. आणि आरोग्यमंत्री म्हणाले तर म्हणू द्या की, "खातं मिळालं, बंगला कधी देताय" म्हणा. चिडलात तर ते नाव निवृत्तीपर्यंत चिकटेल.

आठवड्यातून एकदा फळं तुमच्याकडून आणलीत तर? आणा, पण केकच्या शेजारी ठेवा, केकच्या जागी नाही, आणि फळांबद्दलही बोलू नका!

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही घरात चॉकलेट, बिस्किटं, चिप्स काहीही आणत नाही. पण बर्थडे पार्टीला गेला की तो अक्षरशः तुटून पडतो, बाकीची मुलं खेळत असतात आणि हा टेबलापाशी. मला लाज वाटते. वर आमच्या सासूबाई मी ऑफिसला गेले की त्याला चॉकलेट देतात. परवा पलंगाखाली चॉकलेटचे कागद सापडले, लपवून ठेवलेले. पार्टीला पाठवणं बंद करू का? आणि पार्टीहून आला की साखरेने एवढा नाचतो की आवरत नाही.

उत्तर: पार्टी बंद करू नका. आणि मला इथे तुमच्याशी जरा कडक बोलावं लागणार आहे, रागावू नका.

पलंगाखाली सापडलेले ते कागद मला चॉकलेटपेक्षा जास्त काळजीचे वाटतात. सहा वर्षांच्या पोराला कळलंय की ही गोष्ट आईपासून लपवायची असते. ताकाला जाऊन भांडं लपवणं हे आपण मोठे करतो तेव्हा म्हण होते, लहान मूल करतं तेव्हा ती सवय होऊन बसते. आणि पार्टीत तो टेबलापाशी का उभा असतो? कारण त्याला माहितीये की हे उद्या नाहीये. जेनिफर फिशर आणि लीन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर प्रयोग केले होते, एक खाऊ सगळ्यांना दिसेल असा पण बंदीत ठेवायचा आणि तसाच दुसरा मोकळा. बंदीतल्या खाऊबद्दलच पोरं जास्त बोलायला लागली, तोच मागायला लागली, त्याच्याचकडे हात जायला लागले. खरं तर यासाठी प्रयोग कशाला हवा, आपलं लहानपण आठवलं तरी पुरे, वरच्या फळीवरच्या डब्याची चव खालच्या डब्याला कधी होती का.

मग काय, घरात गोदाम भरायचं? तसं नाही. एलिन सॅटर म्हणून एक आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची एक साधी वाटणी मला फार पटते. काय, कधी आणि कुठे खायचं हे आईबापाने ठरवायचं, आणि वाढलेल्यातलं खायचं की नाही आणि किती हे मुलाने. तुम्ही सध्या दोन्ही ठरवताय. आठवड्यातला एखादा दिवस ठरवा, त्या दिवशी जेवणाबरोबरच, बक्षीस म्हणून नाही आणि "भाजी संपवलीस तर" असंही नाही, नुसतं ताटात चॉकलेट ठेवा, सगळ्यांसाठी, तुमच्याही. पहिले काही आठवडे तो ते आधी खाईल. खाऊ दे. काही वेळाने त्यातली जादू कमी होते. भाजीचं मात्र उलटं आहे, नवी भाजी मुलाला आवडायला दहा पंधरा वेळासुद्धा समोर यावी लागते आणि आपण तिसऱ्या वेळी हार मानतो.

नाचण्याबद्दल, ती साखर नाही. १९९५ मध्ये यावरच्या चांगल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, मुलांना कळू न देता कधी साखर कधी बिनसाखरेचं गोड दिलेलं, आणि साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं काही निघालं नाही. वीस मुलं, फुगे, मोठ्याने गाणी, उशीर झालेला, दुपारी झोप नाही, तुम्ही आम्हीसुद्धा नाचू. साखर दातांसाठी वाईट आहे, बाकी पुष्कळ गोष्टींसाठी वाईट आहे, पण हा आळ तिच्यावर नको.

आता सासूबाई. तुम्ही त्यांना "देऊ नका" सांगितलंत म्हणून त्या चोरून देतात. त्यांना उलट काम द्या. "आई, त्याच्या चॉकलेटचा दिवस तुमच्याकडे, तुम्हीच द्या, किती द्यायचं तेवढं आपण दोघी ठरवू." बघा, ज्यांच्याकडे अधिकार असतो त्या हिशेबही ठेवतात. हे बोलणं तुम्ही स्वतः करा, नवऱ्याकरवी निरोप पाठवू नका आणि मुलासमोर तर अजिबात नको. आणि ते कागद सापडले हे मुलाला रागावून सांगू नका, "अरे मला दिसले, पुढच्या वेळी कचऱ्याच्या डब्यात टाक, मुंग्या येतात" एवढंच.

प्रश्न: मी वर्षभरापासून तेल, मीठ एकदम कमी केलंय. मिस्टर म्हणतात जेवण अळणी, वरून मीठ घेतात नाहीतर बाहेर खाऊन येतात. मी कुणासाठी करतेय हे?

उत्तर: त्यांना विचारून केलं होतं का? पत्रात तसं दिसत नाही म्हणून विचारतेय. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, हा तुमचा खाक्या झाला आणि उपाशी राहतायत ते.

मीठ कमी करणं योग्यच आहे, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे सपाट चमचाभरापेक्षाही कमी हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे, आणि यात सगळं आलं, पाकिटातलं, सॉसमधलं, ब्रेडमधलंसुद्धा. पण जीभ एकदम नाही वळत. मीठ कमी केल्यावर काही महिन्यांनी माणसांना कमी मिठाचंच बरं लागायला लागतं हे १९८० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवलेलं आहे, फक्त ते काही महिने जाऊ द्यावे लागतात, आणि तुमच्या मिस्टरांचे ते महिने सुरूच झालेले नाहीत कारण ते बाहेर खाऊन रोज जीभ परत खारट करून येतात. तेव्हा मिठाचं प्रमाण पूर्वीच्या जवळ न्या आणि मग दर दोन तीन आठवड्यांनी चिमूटभर कमी करत चला, न सांगता नाही, सांगून. लिंबू, लसूण, मिरपूड, भाजलेल्या भाजीचा खमंगपणा याने बरंच भागतं. आणि बाजारात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका, याबाबतीत परस्पर शहाणपणा नको.

कुणासाठी करतेय म्हणालात, तर स्वतःसाठी करा. स्वतःसाठी करणारी माणसं कमी चिडचिड करतात.

प्रश्न: मित्रांबरोबर बाहेर जेवायला गेलो की सगळे नियम मोडतात, नंतर वाईट वाटतं. काय करू?

उत्तर: एकट्याने जेवण्यापेक्षा चारजणांत माणूस जास्त खातो, तुम्हीच असं नाही. १९८९ च्या एका अभ्यासात लोकांच्या जेवणाच्या नोंदी तपासल्या तर सोबत कुणी असताना जेवण सुमारे ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. गप्पा लांबतात, ताटं समोर राहतात, हात चालू राहतो. उपाशी जाऊ नका, ऑर्डर सगळ्यात आधी तुम्ही द्या म्हणजे दुसऱ्यांचं ऐकून मन पालटणार नाही, आणि महिन्यातून एकदाच जात असाल तर मजेत खा, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी हेल्दी खायला सुरुवात केली. आधी साखर बंद, मग मैदा, मग दूध, मग पाकिटातलं सगळं, मग बाहेरचं सगळं. आता मी कुठेही जाताना माझा डबा नेते. मैत्रिणीच्या लग्नात तिने भरवला म्हणून केकचा एक तुकडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी काहीच खाल्लं नाही, तरी डोक्यातून जाईना. आता मी कार्यक्रमांना जायचंच टाळते, सोपं पडतं. लोक म्हणतात किती कंट्रोल आहे तुझा. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर: मी कंट्रोल म्हणणार नाही. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि तुला अगं तुगं करतेय, चालेल ना.

बाकीच्या पत्रांतली माणसं नियम पाळताना लोकांशी कसं जमवायचं ते विचारतायत. तू लोकच कमी केलेस. तुझी यादी बघ, प्रत्येक वेळी काहीतरी गळत गेलंय, परत काही आलेलं नाही. आधी पदार्थ गळले मग मैत्रिणी. एका तुकड्यासाठी दिवसभर उपाशी राहणं आणि तरीही तो तुकडा डोक्यात फिरत राहणं, हे पौष्टिक खाणं नाही गं, ही शिक्षा आहे आणि देणारी, भोगणारी दोन्ही तूच.

स्टीव्हन ब्रॅटमन नावाचे अमेरिकन डॉक्टर होते, स्वतः असेच शुद्ध खाण्याच्या मागे लागलेले, त्यांनी १९९७ मध्ये याला ऑर्थोरेक्सिया असं नाव दिलं. योग्य तेच खाण्याचा ध्यास एवढा वाढतो की त्यानेच माणूस आजारी पडतो. मानसोपचाराच्या मुख्य पुस्तकांत हा अजून वेगळा आजार म्हणून नोंदलेला नाही, आणि तुला तो आहे असं मी पत्रावरून सांगूच शकत नाही, सांगायचा मला अधिकारही नाही. पण खाण्यामुळे माणसं टाळावीशी वाटतायत, वजन उतरतंय का, पाळी चुकतेय का, सतत थकवा आहे का, हे सगळं एखाद्या डॉक्टरांना आणि समुपदेशकाला नीट सांग, याच आठवड्यात. घरातल्या एका माणसाला बरोबर ने. त्यांना हे पत्रच दाखव हवं तर, तू फार स्पष्ट लिहिलंयस.

तोपर्यंत एकच कर. त्या मैत्रिणीला फोन कर. खाण्याचं काही बोलू नकोस, लग्नाचे फोटो बघायला जा.

प्रश्न: हे उलट्या बाजूचं पत्र आहे. माझी जुनी मैत्रीण सध्या हे नाही ते नाही करते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे दहाबारा जणांचं जेवण आहे. तिच्यासाठी वेगळं करू का? केलं तर बाकीचे म्हणणार हिचे लाड, नाही केलं तर ती पाणी पीत बसणार आणि मला घास उतरणार नाही. मला मनातून तिचा रागही येतो हे कबूल करते.

उत्तर: राग येणं साहजिक आहे, तुम्ही दिवसभर ओट्याशी उभ्या राहणार आणि ती एका शब्दात सगळं बाजूला सारणार. वरच्या सगळ्या पत्रांतल्या माणसांनी हे तुमचं वाक्य वाचावं अशी माझी फार इच्छा आहे, घास उतरणार नाही हे.

वेगळं करू नका. तिला आठ दिवस आधी फोन करून विचारा, "मी हे हे करणारे, यातलं तू काय खाशील?" अर्ध्याहून जास्त वेळा असं निघतं की ती मेनूतलं निम्मं खाऊ शकते, फक्त सॉस वेगळा ठेवला किंवा वरून घालायचं ते बाजूला ठेवलं की झालं. ते तर सगळ्यांसाठीच करता येतं, घालायच्या गोष्टी वाटीत, ज्याला हवं त्याने घ्यावं, मग कुणाचे लाड दिसत नाहीत. एक भाजी आणि एक सॅलड असं असू द्या जे सगळेच खातील. आणि तिला म्हणा, येताना तुला चालेल असं काहीतरी घेऊन ये, पण बारा जणांना पुरेल एवढं. एकटीच्या डब्याने ती पाहुण्यांत वेगळी पडते, भांडंभर आणलं की तीही यजमानांतली होते. आणलेलं बाकीच्यांना आवडलं तर तिची कळी खुलेल, नाही आवडलं तर त्या दिवशी बाराजण तिच्याशी नम्रपणे खोटं बोलतील, तेही तिने एकदा ऐकावं.

आणि जेवताना तिच्या ताटाकडे बघू नका. खरंच, अजिबात बघू नका. तिला भूक लागली की ती घेईल.